विचारायचं राहिलं

सर, आधी एक तक्रार. तुम्हाला जाऊन दोन दिवस होत नाहीत तोवर आपल्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुमचा निरोप समारंभातला फोटो, आणि शेजारी तुमच्या दीडपट आकाराचा, आपल्या भागातल्या एका नेत्याचा हात जोडलेला हसरा फोटो. श्रद्धांजली नक्की कोणाला वाहिली आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळणं अवघड होतं. मी भाजी घेऊन येत होते. पिशवी तिथेच खाली ठेवली आणि निलेशला फोन लावला. आपला जुना विद्यार्थी, आता त्याचं छपाईचं दुकान आहे. हे दुसऱ्या कोणाचं काम नव्हे हे मला माहीत होतं.

"बाई, सरांबद्दल रिस्पेक्ट म्हणून लावला हो," तो म्हणाला.

"घरी कोणाला विचारलं होतंस? त्यांच्या मुलाला?"

"नाही, म्हणजे, त्यात काय विचारायचं, बाई?"

संध्याकाळी त्याने तो उतरवला. मुलगा वाईट नाही. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की 'विचारलं होतंस का' हा प्रश्न कोणालाही करायचा अधिकार मला नाही. रेणुका इंगळेच्या बाबतीत मी तुमच्याशी खोटं बोलले होते, सर. ते सांगायला माझ्याकडे अकरा वर्षं होती. तुम्ही निवृत्त होईपर्यंत रोज दुपारी चहाला आपण शेजारी बसायचो. तरी सांगितलं नाही. म्हणून आज आठव्या दिवशी वही घेऊन बसले आहे. फार उशीर झालाय हे कळतंय मला.

आपली शाळा कर्वेनगरातली, मराठी माध्यमाची. तुम्ही चित्रकलेचे, मी गणिताची. स्टाफरूममध्ये आपल्या खुर्च्या शेजारी आल्या, कारण दोघांनाही पंख्याखाली बसायला आवडायचं नाही. पहिली दोन वर्षं आपण याखेरीज काही बोललो असू असं मला आठवत नाही. मग समोर तो बोर्ड लागला.

ते दिवसच तसे होते. कंपन्या येत होत्या, रस्ते रुंद होत होते आणि रस्ता रुंद झाला रे झाला की दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडे उभे राहत. आपल्या फाटकासमोर तात्यांच्या मोकळ्या जागेत असाच एक उभा राहिला. जाहिरात नावाला सोड्याची. बाटली कशाची आहे ते पाचवीतल्या मुलालाही कळत होतं. बाटली धरणाऱ्या बाईच्या अंगावर कपडे जेमतेम. आपण संबंधित कचेरीत अर्ज दिला, पोच घेतली आणि पोचेवर समाधान मानलं.

मग चार उत्साही वडिलांनी एका रविवारी शिडी आणून त्या बाईला मानेपासून गुडघ्यापर्यंत काळा कागद चिकटवला. सोमवारी मधल्या सुट्टीत अख्खी पाचवी फाटकाशी उभी. तोवर जी पोरं बोरांच्या गाडीकडे बघायची, ती आता कागदाचा कोपरा कधी सुटतोय याची वाट बघायला लागली. वारा आला की एकच ओरडा. मी कपाळाला हात लावला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गणिताच्या तासाला एवढं लक्ष देतात का हो कधी?"

मला राग आला होता. तुम्हाला या प्रकरणाचं गांभीर्यच नाही, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणाले. तुम्ही गुरुवारी सहावीच्या तासाला स्मरणचित्राला विषय दिलात, 'शाळेत येतानाचा रस्ता'. बोर्डाचं नावही काढलं नाहीत. तास संपल्यावर तो गठ्ठा माझ्यासमोर ठेवलात. झाडं होती, बस होती, बोरांची गाडी होती. आणि निम्म्याहून जास्त कागदांवर ती बाई होती. एकाने शाळा काड्यापेटीएवढी काढली होती आणि बाटली शाळेच्या दुप्पट. एका मुलीने बाईला नऊवारी नेसवली होती, बाटली मात्र हातात तशीच. तात्यांच्या नातीने बोर्डाखाली स्वतःला काढलं होतं, दप्तर छातीशी घट्ट धरलेलं, मान पार खाली.

"मान नीट जमली नाही तिला," मी म्हणाले.

"मान बरोबर जमलीय, बाई. परत बघा."

मी परत बघितलं. त्या दिवसापासून मी तुम्हाला मानायला लागले. हे मी कधी बोलले नाही, आपल्याकडे असलं बोलायची पद्धत नव्हती.

तो गठ्ठा घेऊन आपण तात्यांकडे गेलो. गाव शहरात आलं त्याआधी त्या जागेत त्यांची ज्वारी व्हायची. तात्यांनी आधी आपल्याला उभ्यानेच झापलं. "मास्तर, जागा माझी हाय. तुमच्या फळ्यावर काय लिवायचं ते मी सांगाया येतो का?" तुम्ही "नाही" म्हणालात आणि चित्रं त्यांच्या खाटेवर मांडत गेलात. भाषण नाही, काही नाही. तात्या बघत गेले आणि एका चित्रापाशी थांबले.

"ही आमची ताई हाय का?"

"हो."

"मान अशी का घातलीय तिनं?"

"तिलाच विचारा," तुम्ही म्हणालात आणि चपला घातल्यात.

तात्यांच्या बायकोने केलेला चहासुद्धा घेतला नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. चार दिवसांनी बोर्ड उतरला. तात्यांनी नातीला काय विचारलं आणि ती काय म्हणाली, हे आपल्याला कधीच कळलं नाही. तुम्ही कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाहीत. मी मात्र वर्षभर खोदून खोदून चौकशी करत होते.

त्यानंतर तुम्ही परिसरात 'बोर्डवाले सर' झालात. तुम्हाला ते नाव आवडायचं नाही. तुमचा खरा बोर्ड वेगळा होता. दहावीचा निकाल लागला की तुम्ही व्हरांड्यातल्या मोठ्या फळ्यावर पास झालेल्या प्रत्येकाचं नाव खडूने लिहायचात. टक्के नाहीत, क्रमांक नाही, नुसती नावं, आडनावाच्या क्रमाने. पस्तीस टक्केवाला आणि नव्वदवाली एकाच वळणदार अक्षरात, एकाच उंचीवर. मुलं आईला हात धरून आणायची आणि बोट लावून नाव दाखवायची. बोट लागून पुसलेलं नाव तुम्ही दुसऱ्या दिवशी परत लिहायचात. मी म्हणायचे, पहिल्या तिघांचे टक्के तरी लिहा हो. तुम्ही म्हणायचात, "ज्याला टक्के हवेत त्याने गुणपत्रिका बघावी. फळा सगळ्यांचा आहे." हा वाद आपण दर जूनमध्ये घालत होतो.

मग तुम्ही मुख्याध्यापक झालात आणि नेमकी तेव्हाच शाळेची पटसंख्या घसरायला लागली. आजूबाजूला इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या होत्या. बाहेर गुळगुळीत फ्लेक्स, त्यावर टाय लावलेली गोरीगोमटी मुलं, खाली टक्के. आपली एक तुकडी बंद पडायच्या बेताला आली. तुकडी बंद म्हणजे दोन शिक्षक बाहेर, हे सगळ्यांना माहीत होतं. संस्थेच्या बैठकीत सगळे म्हणाले, आपणही फ्लेक्स लावू. तुम्ही एकटे विरोधात. आणि तुमच्या विरोधात सगळ्यात जास्त कोण बोललं असेल तर मी.

"मूल म्हणजे साबण आहे का, बाई, चौकात फोटो लावायला?"

"साबण नाही, पण साबणवाल्यांमध्येच दुकान आहे आपलं, सर. फळ्यावर खडूने लिहून तुकडी वाचत नाही."

तुम्ही मग म्हणालात, "ठीक. पण एक अट. ज्याचा फोटो लागणार त्याच्या पालकांना विचारायचं. फोनवर नाही, समोर जाऊन. आणि हे काम तुमचं, बाई. तुम्ही वर्गशिक्षिका आहात."

मी हो म्हणाले. सात मुलं होती. सहा जणांच्या घरी गेले. दोन ठिकाणी पोहे खाल्ले. एका वडिलांनी फोटो बदलून दिला, चष्म्याशिवायचा. एका आईने मुलाच्या बाबांना परदेशात फोन लावून विचारलं आणि मी तोवर अर्धा तास बसून राहिले. सातवी रेणुका. तिचे वडील वाशीमकडचे, आपल्या चौकाजवळच्या एका सोसायटीत वॉचमन. पार्किंगमधल्या एका खोलीत ती चौघं राहायची. शाळेपासून चालत पाच मिनिटं. मी तिथे गेले नाही.

का गेले नाही, याची कारणं मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळी देत आले. निकालाची गडबड, छपाईवाल्याची घाई. ती सगळी खोटी. खरं कारण एवढंच की मला वाटलं, यांना काय विचारायचं, यांना आनंदच होईल. वॉचमनच्या मुलीचा फोटो चौकात लागणार, याहून मोठं काय असतं त्यांना. बाकीच्यांना विचारलं, कारण ते जाब विचारणारे होते. रेणुकाचा फोटो शाळेच्या ओळखपत्रावरून काढून निलेशकडे दिला. तुम्ही विचारलंत, "सगळ्यांना विचारलं?" मी म्हणाले, "सगळ्यांना."

तिचा फोटो सगळ्यात छान आला होता. दोन वेण्या, सरळ बघणारी. नावाखाली सत्त्याऐंशी टक्के. चौकात पानाच्या टपरीशी बसणारी टोळकी ती जाताना ओरडायला लागली, "ए, सत्त्याऐंशी टक्के." आधी एवढंच. मग नावाने. मग मोटरसायकल घेऊन पार्किंगपर्यंत. घर शोधायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत, शाळेचं नाव वर होतं, मुलीचं खाली. इंगळे भांडले नाहीत, तक्रार करायला शाळेत आले नाहीत. अकरावीचे फॉर्म निघायच्या आठवड्यात त्यांनी तिला गावी मामाकडे पाठवून दिलं. आपल्याला हे कळलं ते ती गुणपत्रिका न्यायला आली नाही तेव्हा. मामाच्या गावापासून कॉलेज लांब होतं आणि मामा स्थळं बघायला लागला होता.

तुम्ही काय केलंत ते मी फाटकाशी उभी राहून बघितलं. शिपायाची शिडी घेतलीत, चित्रकलेच्या कपाटातला कटर घेतलात आणि भर दुपारी, शाळा भरलेली असताना, चौकात जाऊन स्वतः वर चढलात. पायजमा-झब्बा, वय पंचावन्न. फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्यात. फ्लेक्स खाली पडला, तो दुमडून काखेत मारून तुम्ही परत आलात. संस्थेच्या लोकांना विचारलं नाहीत. मला म्हणालात, "बाई, मी इंगळ्यांकडे जाऊन येतो." मी म्हणाले, मीही येते. "नको," तुम्ही म्हणालात. मला बरं वाटलं. 

तासाभराने आलात. मी विचारलं, काय म्हणाले. "काही नाही. चहा दिला त्यांनी."

या वेळी घेतलात म्हणजे.

मग वर्षभर तुम्ही दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या पार्किंगमध्ये जाऊन बसायचात. मला वाटायचं, नुसतं बसून काय होणार. तुम्ही इंगळ्यांशी कापसाबद्दल बोलायचात, त्यांच्या धाकट्याला हत्ती काढायला शिकवायचात. दोनदा वाशीमची गाडी धरून मामाच्या गावी जाऊन आलात. स्थळं बघणं लांबत गेलं. पुढच्या जूनमध्ये रेणुका परत आली. वर्ष गेलं, पण आली. तंत्रनिकेतनात प्रवेश घेतला. तोवर टपरी उठली होती, टोळक्यांतले दोघे तुमच्याच हाताखालून गेलेले निघाले, त्यांना तुम्ही काय सांगितलंत ते तुम्हालाच माहीत. आणि तुकडी? ती दोन वर्षांनी बंद पडलीच. फ्लेक्स लावूनही पडली. हे मी कधी तुमच्यासमोर कबूल केलं नाही, आता करते.

स्टाफरूममध्ये तुम्ही त्या वर्षानंतर पुष्कळदा म्हणायचात, "माझ्या कारकिर्दीतली एकच चूक, तो फ्लेक्स." मी समोर बसून ऐकायचे आणि बिस्किट बुडवायचे. एकदा तर म्हणाले, "जाऊ द्या हो सर, होतं असं." होतं असं. काय माणूस आहे मी.

निवृत्तीनंतर तुमचा सकाळी फोन यायचा. नमस्कार वगैरे काही नाही, थेट, "बाई, पुलाच्या कोपऱ्यावरचा नवीन बघितलात का?" कुठल्या तरी क्लासचा फ्लेक्स असायचा, दुसरीपासून इंजिनिअरिंगची तयारी, कोट घातलेलं सात वर्षांचं पोर. "याचं नाव, शाळा, टक्के सगळं छापलंय. पत्ता तेवढा राहिला." मी म्हणायचे, तुम्ही रस्त्यावर खाली बघून चालत जा, पडाल. आठ दिवस फोन नाही. सकाळी साडेसातला मी ओट्याशी उभी असते आणि हात पुसून घेते, सवयीने. मग आठवतं. मला तुमची फार आठवण येते, सर. भांडायला दुसरं कोणी उरलं नाही.

काल शोकसभा झाली. हॉल भरला होता. बोलायला उठलेल्या प्रत्येकाने सोड्याच्या बोर्डाची गोष्ट सांगितली. तिसऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही एकट्याने बोर्ड पाडला होतात, पाचव्याच्या तोंडी पोलीस आले होते. माझी पाळी आली. रेणुकाची गोष्ट सांगायची असं घरून ठरवून आले होते, कागदावर लिहूनही आणली होती. उभी राहिले आणि मीसुद्धा सोड्याचा बोर्डच सांगितला. नऊवारीवर लोक हसले. मी खाली बसले.

बाहेर चपला शोधत होते तर कोणीतरी वाकून माझ्या पायाशी चपला आणून ठेवल्या. रेणुका. हडपसरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, रजा टाकून आली होती. केस कापलेले, गळ्यात कंपनीचं कार्ड. म्हणाली, "बाई, ओळखलंत का?" मी तिचा हात धरून तिला जिन्याखाली नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. तुझ्या वडिलांना विचारायचं काम माझं होतं, मी विचारलं नाही, सरांना मात्र 'विचारलं' असं खोटं सांगितलं, आणि सर गेले तरी त्यांना ते माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "बाई, सरांना माहीत होतं."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. ते घरी आले ना, तेव्हा बाबा म्हणाले त्यांना, 'सर, आमाले तं कोनी इचारलंच नाई.' सर म्हणाले, 'विचारायचं काम माझं होतं. राहून गेलं माझ्याकडून.' बाबा अजून सांगतात ते. हेडसरांनी आमच्या खोलीत बसून माफी मागितली म्हणून."

 अकरा वर्षं, सर. मी लपवत होते आणि तुम्ही मला लपवू देत होतात. 'माझी चूक' म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघायचात का? मला आठवत नाही, कारण मी तुमच्याकडे बघत नव्हते. तुम्ही एकदा रागवायला हवं होतं मला. कपाटाआड नेऊन दोन शब्द सुनवायला हवे होते. मी रडले असते आणि मोकळी झाले असते. हे तुमचं मोठेपण मला झेपत नाही आणि त्याबद्दल मी तुमच्यावर चिडलेली आहे. आभारही मानायचे आहेत, पण आधी चिडू द्या.

हे सगळं तिथेच संपलं असतं. पण मी डोळे पुसले आणि म्हणाले, "रेणुका, मी तुझ्या वडिलांची माफी मागायला येते. मी त्यांना विचारायला हवं होतं."

"बाबांना विचारलं असतंत तरी ते हो म्हणाले असते, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. "तुम्ही आल्यावर नाही म्हणायची हिंमत होती का त्यांची? खुर्चीसुद्धा नव्हती घरात."

मी म्हणाले, "मग काय करायला हवं होतं?"

"मी रोज तुमच्या समोर तिसऱ्या बाकावर बसायचे की."

तुमची अट होती पालकांना विचारायची, सर. मी ती मोडली, त्याचं ओझं वाहिलं. तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत, माफी मागितलीत. वर्षभर शनिवार घातलेत. आणि पंधरा वर्षांची ती मुलगी, जिचा चेहरा चौकात लागणार होता, ती आपल्या दोघांच्याही यादीत नव्हती.

मी तिला काल विचारलं. तेव्हा विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?

तिने विचारही केला नाही. "नाही म्हणाले असते."